अर्ध्या बाहीची तक्रार

धाकटी साठीला आली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. गेल्या हिवाळ्यात थोरली बहीण गेली, तेव्हापासून त्या नावात काही राम उरला नव्हता. पण हाक मारणारेच इतके थोडे उरले होते, की नाव बदला म्हणून सांगणार कुणाला?

थोरलीने मागे एक स्वेटर ठेवला होता, धाकटीच्या मापाचा. उजवी बाही कोपरापर्यंत येऊन थांबलेली, टाके अजून सुईवर. लोकर संपली होती, आणि तो राखी निळा रंग एकाच परदेशी गिरणीचा. धाकटीने चष्मा पुसून पुसून फोनवर तिकडचंच एक दुकान शोधलं. फोटोत तोच रंग, खाली रंगाच्या खेपेचा आकडाही थोरलीच्या लोकरीच्या चिठ्ठीवरचाच. मग पाच आठवडे दाराची घंटा वाजली की ती हातातलं टाकून उठत होती.

पार्सल आलं ते दिवेलागणीला. लडी हातात आली की गुंडा करायचा, ही दोघींची जन्माची सवय. थोरली हात पुढे करून लडी धरायची, धाकटी गुंडाळायची. आता लडी खुर्चीच्या पाठीला अडकवली. खुर्चीने एकदाही ‘हात भरून आले गं’ म्हटलं नाही. सकाळी उजेडात स्वेटर शेजारी ठेवला, तर लोकर चक्क हिरवट.

दुकानाने कळवलं, गुंडाळलेली लोकर वापरलेली धरतो, परत घेत नाही.

परदेशी खरेदीच्या तक्रारी घेणारं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. टेबलामागे तरुण अधिकारी बाई.

“मावशी, गुंडाळायची एवढी काय घाई होती?”

“तू विणतेस का?”

“नाही.”

“मग राहू दे.”

बाई हसली. फोटो आणि लोकर ताडून म्हणाली, “दाखवलं एक, दिलं दुसरं. मग तुम्ही गुंडे करा नाहीतर चेंडू खेळा, चूक त्यांचीच. तिकडच्या देशात आमच्यासारखंच कार्यालय आहे. तिथला माणूस दुकानाला गाठेल.”

दीड महिन्याने बोलावणं आलं.

“मावशी, जिंकलात. पैसे परत, लोकरही तुमचीच. इथे सही करा, तक्रार मिटली म्हणून.”

“आणि ती निळी?”

“ती खेप केव्हाच संपली. तिकडचा माणूस गिरणीच्या जुन्या गोदामात विचारतोय, पण सही झाली की तोही थांबेल.”

“आणि नाही केली तर?”

“पैसे मिळतीलच. फाइल आणखी तीन महिने उघडी राहील. पण खरं सांगू? मिळायची नाही ती.”

धाकटीने पेन हातात घेतलं, तसंच धरून ठेवलं. कुठल्या कुठे एक अनोळखी माणूस थोरलीच्या रंगाची चौकशी करत हिंडत होता. तिच्याखेरीज तो रंग आता आणखी कुणाला हवा होता?

“राहू दे उघडी,” तिने पेन खाली ठेवलं. “आणि त्याला नमुना पाठव. फोटोत रंग फसतो.”

तिने पिशवीतून स्वेटर काढला. आतल्या बाजूला थोरलीने विणायच्या सुरुवातीला सोडलेलं लोकरीचं टोक लोंबत होतं. ते बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“कात्री आहे का गं?”

बाईने कात्री दिली, आणि न विचारताच पाकिटावर पत्ता लिहायला घेतला.