अप्पांची चौकशी

सोनपेठच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या दारात खुर्ची टाकून बसणं हा माझ्या सासऱ्यांचा, ईश्वरअप्पांचा, रोजचा उद्योग होता. पासपोर्ट फोटोला कुणी आलं की अप्पा आधी गाव विचारायचे, मग आडनाव, मग मामाचं गाव. आपल्यातला लिंगायत निघाला तर मठ कोणता, गुरू कोण, बहीण कुठं दिली. मी आत लाइट लावून उभी, आणि गिऱ्हाईक बाहेर चुलत्यांची नावं सांगतंय! एक दिवस एक साहेब वैतागून समोरच्या स्टुडिओत गेले आणि माझं डोकं फिरलं.

"अप्पा, उद्यापासून गिऱ्हाइकाला काई इचारायचं न्हाई."

"बरं," अप्पा म्हणाले. खुर्ची उचलून आतल्या कोपऱ्यात नेली आणि खरंच गप्प बसायला लागले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तसंही माझ्या डोक्याला दुसरा ताप होता. माझा कॅमेरा म्हातारा झाला होता. मंगल कार्यालयातल्या मिणमिणत्या उजेडात फोटोत चेहऱ्यांऐवजी नुसते दाणे दाणे काढायचा. एका लग्नाचा अल्बम उघडून नवरीची आई म्हणाली, "यात आमची पोरगी कुठं हाय?" आणि गावभर हेच सांगत सुटली. ऑर्डरी परभणीच्या फोटोवाल्यांकडे जायला लागल्या. आणखी एक लग्नसराई अशी गेली असती, तर स्टुडिओला कुलूप लागलं असतं.

नवा चांगला कॅमेरा आवाक्यात नव्हता. म्हणून भिशी उचलली आणि ऑनलाइन लिलावात एका वापरलेल्या कॅमेऱ्यावर बोली लावली. अगदी शेवटी कुणीतरी माझ्यापेक्षा चढी बोली लावली आणि कॅमेरा गेला. त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉट्सॲपवर विकणाऱ्याचा म्हणून मेसेज आला. "शरणू शरणार्थ, ताई. लिलाव जिंकलेल्यानं माघार घेतली, कॅमेरा आता तुमचाच. साइटला कमिशन कशाला द्यायचं? थेट माझ्या खात्यावर पैसे टाका, थोडे कमी करतो. तुमचा फोटो बघून ओळखलं, आपल्यातल्याच आहात. मी लातूरचा."

साइटवर मी माझा न् अप्पांचा फोटो लावलाय, दोघांच्या कपाळी भस्म. खाली स्टुडिओचा नंबर. परक्या माणसानं थेट पैसे मागितले असते तर मी सावध झाले असते, एवढं मला कळतं. पण हा आपल्यातला, आम्हा लिंगायतांचा नमस्कार घालणारा! मी लगेच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून खात्याचा नंबर लिहून घ्यायला लागले.

"अप्पा, देव पावला. लातूरचा आपला माणूस हाय, कॅमेरा द्यायलाय."

कोपऱ्यातली खुर्ची करकरली. "हे काई गिऱ्हाईक न्हाई ना?" अप्पांनी आधी मला विचारलं. मी नाही म्हटल्याबरोबर त्यांनी मोबाइल ओढूनच घेतला.

"शरणू शरणार्थ! लातुरात कुठं ऱ्हाता, देवा?"

"स्टेशनच्या बाजूला, काका."

"मठ कोणता तुमचा?"

"मठ... लातूरचाच मठ, काका."

"लातुरात का एकच मठ हाय? गुरू कोण तुमचे?"

"ते वडलांना माहीत. काका, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, दहा मिनिटांत पैसे..."

"पैसे कुठं पळून चाललेत? वडील हायेत का घरी? द्या की फोन. न्हाई तर असं करू, उद्या सकाळच्या एसटीनं आमीच येताव. सून कॅमेराबी बघंल, पैसेबी दील. जेवायला तुमच्याकडंच. गोडधोड नको, जवारीची भाकर बास झाली."

फोन कट झाला.

"रेंज गेली वाटतं," अप्पा हळहळले. "परत लाव, वडलांचं नाव इचारायचं ऱ्हायलं."

मी परत लावला. लागला नाही. बघता बघता व्हॉट्सॲपवरचा त्याचा फोटोही गायब झाला. आता मला शंका आली. लिलावाच्या साइटवर जाऊन मी मूळ विकणाऱ्याला तिथूनच विचारलं. त्याचं उत्तर आलं, कॅमेरा जिंकणाऱ्याला पाठवूनही झाला, मी कुणाला मेसेज केलेला नाही, आणि मी लातूरचाही नाही.

मी उठले आणि अप्पांच्या पाया पडले.

"आज कोणता सण हाय?" त्यांनी विचारलं.

मी रडत रडत सगळं सांगितलं. भिशीचे पैसे, स्टुडिओ, सगळं त्या एका फोनात गेलं असतं. "मला काय ठावं तो चोर हाय म्हणून," अप्पा म्हणाले. "आपला म्हणला म्हणून इचारलं. आपल्या माणसाला इचारायचं न्हाई तर कोणाला?"

पुढच्या लिलावात मी बोली लावायच्या आधीच चौकशीला बसले, अगदी अप्पांसारखी. विकणारे नांदेडचे सूर्यभान, लग्नाचे फोटो काढणारे, मानेच्या दुखण्यामुळे जड कॅमेरा काढून टाकत होते. कुठून घेतला, बिल आहे का, आजवर किती फोटो काढले, कधी उघडून दुरुस्त केला का? ते न कंटाळता सांगत गेले. व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्याच्या बुडाचा नंबर दाखवला, माझ्यासमोर फोटो काढून दाखवला. ते आपल्यातले नव्हते. तरी अप्पांनी मामाचं गाव विचारलंच, ते आमच्याच जिल्ह्यातलं पेडगाव निघालं, आणि मग मला माझा फोन परत मिळेना. या वेळी बोली माझी लागली. पैसे साइटवरूनच भरले. पार्सल उघडताना मोबाइलवर शूटिंग केलं आणि बुडाचा नंबर जुळवून पाहिला. तोच होता. माझा जीव भांड्यात पडला.

नव्या कॅमेऱ्यासमोर पहिला आला एक तरुण शेतकरी, पासपोर्ट फोटोला. स्टुलावर मान ताठ करून बसला. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पेपरात डोकं घातलं. मला गलबलून आलं.

"अप्पा," मी म्हणाले, "पाव्हणे कुठले, इचारलं न्हाई तुमी?"

"इचारू?"

"इचारा की."

अप्पांनी खुर्ची फरफटत पार दारापर्यंत नेली आणि तिथूनच सुरुवात केली. तो राणीसावरगावचा निघाला. मामाच्या गावापर्यंत गाडी गेली, तोवर त्याची मान सैल होऊन तो हसायला लागला होता. पण माझ्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो त्याचा नाही. मी कॅमेरा दाराकडे वळवला होता. फोटो अप्पांचा आहे, हात पुढे केलेला, तोंड उघडं, काहीतरी विचारतानाचा.