चार बोटं कमी झालो आणि सुटलो

मी खडी मोजायचा खोका बोलतोय. ना तळ, ना झाकण. बाभळीच्या चार फळ्या आणि उचलायला दोन दांडे, एवढाच माझा देह. रडगाणं गायला बोलत नाही, सुटलोय म्हणून बोलतोय.

बहात्तरच्या दुष्काळात वडूजजवळ रस्त्याचं काम निघालं, तेव्हा नाथाजी सुतारांनी मला घडवलं. मुकादम लालासाहेबांनी त्यांना बजावलं, "सरकारी मापापेक्षा चार बोटं उंच ठेव." नाथाजींनी मान खाली घालून खिळे ठोकले. दुष्काळात मुकादमाला नाही कोण म्हणणार?

बायका दिवसभर दगड फोडायच्या आणि खडी माझ्यात ओतायच्या. मी काठोकाठ भरलो तर पुरी मजुरी, नाहीतर अर्धी. वरच्या चार बोटांची खडी कुणाच्या नावावर चढायची, ते मुकादमच जाणे. मला मेल्याला उंच असण्याची लाज वाटायची.

खालच्या वाडीची बनुबाई तान्हं पोर घेऊन कामावर यायची. पोर झोळीत रडलं की ती पाजायला उठे, आणि तेवढ्यानं खोका अपुरा राही. अर्ध्या मजुरीत तिचंच पोट भरेना. दूध आटायला लागलं.

पहिल्यांदा तीच बोलली, "आवं, ह्यो खोका लय मोठा हाय. कापून द्या." बाकीच्या बायकांनी तिची री ओढली. मला वाटलं, सुटलो!

पण जीपमधून खालच्या वाडीचे पुढारी उतरले. "खोक्याचं काय घिऊन बसलाय? मुकादम वरच्या वाडीचा, त्यांच्या जातीचा. आपल्या जातीचा मुकादम झाला पायजे. प्रश्न मानाचा हाय!" झालं. वरच्या वाडीनंही कंबर कसली. दोन्हीकडे झेंडे, दोन्हीकडे घोषणा. त्या जातींची नावं मी घेणार नाही. नाव घेतलं की ऐकणारा आपली बाजू धरतो आणि माझी गोष्ट राहून जाते. तेव्हाही तशीच राहिली.

अखेर खालच्या वाडीचा गुंडा नावाचा गडी मुकादम झाला. हलगी वाजली, गुलाल उडाला. बनुबाई मनापासून नाचली. तिच्या माणसांना आजवर कुणी मुकादम केलं नव्हतं. तिनं का नाचू नये? मलाही आनंद झाला होता.

संध्याकाळी तिची खडी पुन्हा चार बोटं कमी भरली.

"गुंडाभाऊ, आता तुमी तर आपलं हायसा. कापा की ह्यो खोका."

गुंडानं इकडंतिकडं पाहिलं. "हळू बोल, बाई. आपल्याच मानसाची इज्जत घालवतीस व्हय? वरच्या वाडीला आयतंच हसायला मिळंल."

बनुबाई झोळी सोडून, पोर उचलून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत ती माझ्या कडेला बसली होती. पलीकडे वरच्या वाडीची शालूबाई होती. तिच्या पोरींचीही अर्ध्या मजुरीनं आबाळ चाललेली. बनुबाईनं तिला गुंडाचं बोलणं सांगितलं, तशी शालूबाईचा घास हातातच राहिला.

"अगं, लालासाहेब मला बी हेच म्हनायचा! 'आपल्या जातीचा हाय मी, गप ऱ्हा.' आन् मी गप ऱ्हायले."

मग बनुबाई हसायला लागली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी दोन्ही वाड्यांच्या बायका हातोडे खाली टाकून खडीच्या ढिगावर शेजारी शेजारी बसल्या. पुढारी दोन्हीकडून ओरडले. "त्यांच्या बायकांजवळ बसताय? लाज न्हाई वाटत?"

शालूबाई जागची हलली नाही. "तुमाला बी बसायचं आसंल तर या. येताना हातोडा आना."

सरकारी ओव्हरसियर साहेबांना यावंच लागलं. त्यांनी टेप लावली, भुवया उंचावल्या आणि सुताराला बोलावणं धाडलं. नाथाजी करवत घेऊन अक्षरशः पळत आले. मला भीती होती की दुखेल. छे! ठणकणारी दाढ निघाल्यावर जसं वाटतं ना, अगदी तसं मोकळं वाटलं. कापून निघालेल्या लाकडावर बायकांनी चहा उकळला. दोन्ही वाड्यांनी एकाच पातेल्यातला चहा घेतला, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन असतानाच बनुबाईचा खोका भरला. हातोडा बाजूला ठेवून तिनं पोराला निवांत पाजलं. गुंडा पुढेही मुकादम राहिला. बरंच झालं. आता माप बरोबर होतं.

रस्ता कधीच पुरा झाला. पाच वर्षांनंतर मी आज बनुबाईच्या अंगणात कढीपत्त्याच्या रोपाला शेळीपासून राखतोय. तिचं पोर शाळेला जाता-येता मला एक लाथ घालतं. चांगली दणदणीत लाथ असते, दूध अंगी लागल्याची.

तुम्हाला एकच विनंती. आपला माणूस आणायचा तर खुशाल आणा, वाजतगाजत आणा. पण तो आला की पहिल्याच दिवशी खोक्याला टेप लावायला सांगा. त्यानं "हळू बोल" म्हटलं, तर आणखी मोठ्यानं सांगा.