पाटाचा हेवा करणारा खांब

पाट हरवल्याचे सरांना समजले, त्या सकाळी मला आनंद झाला. धुळवडीनंतरचा दिवस होता. खो-खो शिकवणारे गिरधर सर मैदानभर तो शोधत होते, मुलींना विचारत होते.

मित्रांनो, मी खो-खोचा एक जुना खांब आहे. शिंदखेड्याच्या सुताराने मला सागापासून घडवले आणि धरणगावच्या शाळेत आणून मैदानात गाडले. सतरा वर्षे मुली मला धरून वळतात. सामना जिंकला की मला हळदकुंकू लावायच्या. सर माझ्यावर हात ठेवून खेळ बघायचे. मैदानात माझ्याइतका मान दुसऱ्या लाकडाला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या पत्नी, दिपमालाकाकू, वारल्या. पुढच्याच महिन्यात सर घरून जेवणाचा एक पाट घेऊन आले. तो डुलावा म्हणून बारदानाची घडी करून त्यावर ठेवत. तासभर सराव झाला की प्रत्येकीने त्यावर डाव्या पायावर उभे राहायचे आणि सरांनी वीस अंक मोजायचे. सकाळी ताज्या पायांनी सगळ्याच उभ्या राहत. दमल्यावर मात्र घोटा थरथरे, कंबर कलंडे, खांदा पडे. जिचा दुसरा पाय टेकला, ती त्या दिवशी डावात उतरत नसे.

मला ते सहन होईना. थकलेली मुलगी मला धरते तेव्हा तिचा सगळा भार माझ्यावर येतो. मला आधी कळते. पण विचारायचे त्या पाटाला. जाताना सर रुमालाने पाट पुसून पिशवीत घालत. माझ्यावरची धूळ तशीच राही.

संघातल्या सारिकालाही पाट नकोसा होता. जिल्ह्याच्या निवडीला थोडेच दिवस उरले होते आणि पाटामुळे ती दोनदा बाहेर बसली होती.

"सर, मला दम लागलेलाच नाही," ती म्हणाली.

"दम दोन मिनिटांत परत येतो. मांडीतला थकवा तिथेच राहतो. मग तू वळ म्हणतेस आणि पाय उशिरा ऐकतो."

होळीच्या दिवशी सर पाट मला टेकवून शाळेत गेले. गल्लीतले लोक होळीसाठी लाकडे मागत आले. सारिकाने पाटाकडे बोट केले. "जुना शे, लई जा." लोक तो होळीत टाकायला घेऊन गेले. मी पाहिले आणि मनातून खूश झालो.

नंतर वीस अंक कोणी मोजले नाहीत. पाचव्या दिवशी, चौथ्या डावात सारिकाने मला धरले. हात घामाने निसटत होता, सगळे अंग माझ्यावर आले होते. मला समजले. पण मला कोणाला सांगता येत नाही. ती वळली, पाय मागे राहिला आणि गुडघा आत मुरगळला. जळगावच्या डॉक्टरांनी सहा महिने खेळ बंद सांगितला. निवड हुकली.

काठी टेकत ती मैदानात आली आणि सरांना सगळे सांगितले. सरांनी माझ्यावर हात ठेवला.

"तुझ्या काकूचा पाट होता तो," ते म्हणाले. "घरी आता एकच लागतो."

दोन वर्षे मला तो हात हवा होता. त्या दिवशी तो सोसवेना.

मित्रांनो, पाय कापू लागला की थांबा. तुम्हाला थांबवणाऱ्याचा राग धरू नका. मी धरला होता.

सरांचा स्वतःचा पाट घरी आहे. तो त्यांनी अजून मैदानात आणलेला नाही. सारिकाचा गुडघा बरा व्हायचा आहे; तिचे डाव्या पायावरचे वीस अंक अजून व्हायचे आहेत.