सातव्या ग्रीनवरचं पाणी

पहिला ठोसा बसला तेव्हा व्हर्लिनच्या हातात पाण्याची नळी होती, आणि ती त्याने सोडली नाही. दुसरा जबड्यावर बसला. तिसऱ्याला तो गुडघ्यांवर आला, तरी नळीचं तोंड झेंड्याच्या डाव्या अंगाला, जिथे गवत निळसर पडायला लागलं होतं, तिकडेच धरलेलं होतं.

"दुपारी दोनला पाणी उडवतोस? भर उन्हात? खेळायच्या गवतावर?" रॉइस टॅकेट किंचाळत होता. "आज सकाळी दोन कालवडींना गोळ्या घातल्या मी, ह्या हाताने! तळ्याच्या चिखलात पोटापर्यंत रुतल्या होत्या. पाणी शोधत गेल्या होत्या रे त्या!"

व्हर्लिन रक्त थुंकला. "रॉइस," तो म्हणाला, "ग्रीनवरून खाली उतर. बूट बघ तुझे, गवत चिरडतंय."

आता असं ऐकल्यावर कोणाचं डोकं फिरणार नाही? रॉइसने त्याच बुटाने त्याच्या बरगडीत लाथ घातली. मग दुसरी घातली.

मी एलोइसा बारेला. ह्या नऊ भोकांच्या गोल्फ कोर्सवर चौदा वर्षं गवत कापायची यंत्रं चालवते, त्यांची पाती घासते आणि व्हर्लिन उनरूची बोलणी खाते. सगळ्या कोर्सला आम्ही दोघंच. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची, बारीक कापलेल्या गवताची जागा. त्या वेळी मी वाळूच्या खड्ड्यात दंताळं ओढत होते. तिथून धावत आले, भोकातली झेंड्याची काठी उपसली आणि दोन्ही हातांनी रॉइसच्या खांद्यावर हाणली. आमच्या काठ्या जुन्या आहेत, भरीव लोखंडाच्या. तो कळवळून बाजूला झाला. लाथा थांबल्या. तरीही मी दुसऱ्यांदा हाणली, आणि त्या फटक्याला त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"एलो!" व्हर्लिन ओरडला. मला वाटलं, शाबासकी देतोय. "काठी तिथे टाकू नकोस. खड्डा पडेल."

मग तो कसाबसा उठला. एका हाताने बरगड्या दाबून धरल्या आणि दुसऱ्या हातातल्या नळीने गवतावरचं रक्त धुऊन काढलं. रक्तात मीठ असतं, त्याने गवत जळतं. रॉइस ग्रीनच्या कडेला हात पोटाशी धरून बसला होता आणि त्याच्याकडे बघत होता.

रॉइसचं चुकलं, पण त्याला कळलं नाही ह्यात नवल नाही. मेच्या अखेरीपासून थेंब नव्हता. गावात अंगणाला पाणी घालायला बंदी होती. कोर्सवर फक्त ग्रीनांना, तेही मोजकं, परवानगी होती. बाकी सगळं गवत आम्ही डोळ्यांदेखत मरू दिलं होतं. त्या दुपारी एकशे सात डिग्री होतं. माणसाला एवढा ताप चढला तर माणूस मरतो, आणि हे तर नखाच्या जाडीइतकं कापलेलं गवत. ते निळसर पडलं म्हणजे होरपळायला लागलं. व्हर्लिन त्याला पाणी पाजत नव्हता. तापलेल्या कपाळावर ओली घडी ठेवतात ना, तसे दोन मिनिटं तुषार मारत होता. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला एवढंच दिसतं की जनावरं मरतायत आणि हे शहाणे गवताला आंघोळ घालतायत.

शेरीफचा माणूस आला. "तक्रार लिहायची?" त्याने विचारलं. व्हर्लिनने नकारार्थी मान हलवली. त्याचं घराणं ज्या चर्चचं, त्या पंथात कोणावर हात उगारत नाहीत, कोर्टकचेरीही करत नाहीत. त्याचे आजोबा लढाईला गेले नाहीत म्हणून गावाने त्यांच्या दाराला पिवळा, भेकडाचा रंग फासला होता. "पायरीवरून पडलो," तो म्हणाला.

"आणि तू रे?"

"पायरीवरून," रॉइस गुरगुरला.

"दोघंही एकाच पायरीवरून?" शेरीफचा माणूस माझ्या हातातल्या काठीकडे बघत म्हणाला. "बाई, ती पायरी जपून ठेव."

व्हर्लिनच्या दोन बरगड्या आणि जबडा मोडला होता. इस्पितळात त्याचा जबडा तारेने बांधला. मी पाच वाजता त्याला बघायला गेले, तर हा खिडकीतून पश्चिमेकडे बघत पडलेला. तिकडे आकाश काळंनिळं झालं होतं.

"पाऊस पडला," तो दातांतून म्हणाला, "तर सातव्यावर पाणी राहू देऊ नकोस. सकाळी दहाच्या आत उतरव."

"आधी पडू तर दे! अडीच महिने वाट बघतोय आपण."

"पडेल. पण त्याच्यामागून ऊन येतं, पोरी. साचलेल्या पाण्यावर ऊन पडलं की गवत शिजतं. खोटं वाटतं?"

"नाही वाटत."

"एक ग्रीन जरी गेलं ना..."

वाक्य पुरं करायची गरज नव्हती. कोर्सच्या मंडळाचे अध्यक्ष हॅगर्टी, गावचे दंतवैद्य, त्यांनी जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. नऊपैकी एक जरी ग्रीन ह्या उन्हाळ्यात मेलं, तर एक सप्टेंबरपासून कोर्स विचिटा शहरातल्या एका कंपनीकडे जाणार. व्हर्लिनची सत्तावीस वर्षं तिथे संपणार.

सहाला वादळ आलं. पाऊस कसला, मारच तो. आधी लिंबाएवढ्या गारा, मग वारा, मग पाणी. पंपघराशेजारचा कॉटनवुडचा वृक्ष मुळासकट उन्मळला आणि पत्र्याच्या छपरावर कोसळला. ओढा काठ सोडून आला. माझ्या गाडीची काच फुटली. एका तासात चार इंच पडला, आणि गावातले लोक त्या गारांच्या माऱ्यात रस्त्यावर येऊन नाचत होते. मीसुद्धा शेडच्या दारात उभी राहून रडत, हसत होते. मूर्ख बाई.

सकाळी सात वाजता आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. आठ ग्रीनांवर गारांचे खळगे पडले होते, पण ती श्वास घेत होती. सातवं ओढ्याकाठी, खोलगट जागी आहे. तिथे घोट्याच्या वर पाणी होतं आणि मधोमध झेंडा. निचऱ्याचा नळ गाळाने गच्च बुजला होता. पंपघर बुडालेलं, वीज गेलेली. मी लांब दांड्याचा मोठा वायपर घेतला आणि पाणी ढकलायला लागले. मी ढकलायचे, ते परत यायचं. पाऊण तासाने पाण्यात हात घातला तर कोमट लागलं.

हॅगर्टींना फोन केला. "मोठा पंप हवाय, लगेच. सातव्यावर पाणी आहे."

"एलोइसा," ते हसत म्हणाले, "पाण्यासाठीच तर प्रार्थना करत होतो ना आपण सगळे?"

मी फोन आपटला. पेट्रोलवर चालणारा मोठा पंप आसपास एकाच माणसाकडे होता, आणि त्याचं हाड मी काल मोडलं होतं.

रॉइस त्याच्या तळ्याच्या बांधावर उभा होता, हात झोळीत. तळं काठोकाठ भरलं होतं. पलीकडच्या अंगाला, उथळात, त्या दोन कालवडी फुगून अर्ध्या वर आल्या होत्या. उरलेल्या गाई काठाशी घोटाळत होत्या.

"काठी आणलीस?" त्याने वळून न बघता विचारलं.

"पंप हवाय. सातवं बुडालंय. दहाच्या आत पाणी निघालं नाही तर व्हर्लिनची नोकरी जाते."

"पंप त्या गोठ्यात आहे. ट्रॅक्टरशिवाय उचलला जात नाही. आणि ट्रॅक्टर आधी इथे लागणार." त्याने हनुवटीने कालवडींकडे दाखवलं. "काल ह्यांना ओढायलाच गावातून साखळी घेऊन परत येत होतो. वाटेत तुमचा तो फवारा दिसला."

"आधी पंप दे. अकराला येते आणि दोन्ही काढून देते. शब्द देते."

"अकरा गाई आहेत माझ्या. अख्ख्या रानात प्यायला एवढंच पाणी. ह्या आतापासून नासायला लागल्यात, अकरापर्यंत फुटतील. मग काय पाजू त्यांना?" तो माझ्याकडे वळला. "मी एकट्याने केलं असतं, बाई. पहाटेच केलं असतं. पण हात तू मोडलास."

सव्वाआठ झाले होते. मी बूट काढले आणि चिखलात उतरले.

पहिली कालवड लवकर निघाली. मागच्या पायांना साखळी बांधली, रॉइसने एका हाताने ट्रॅक्टर चालवला, आणि ती चिखलावरून घसरत बाहेर आली. दुसरी खोल रुतली होती. साखळी ताणली की नुसती कातडी सोलून यायची. माश्या तोंडात जात होत्या. मी फावड्याने तिच्या पोटाखालचा चिखल उपसला, दोन्ही हात घालून साखळी पलीकडे नेली, दोनदा ओकले, पुन्हा हात घातले. तिच्या कपाळावर गोळीचं भोक होतं, नीट, मधोमध.

"एक रात्र," रॉइस ट्रॅक्टरवरून म्हणाला. "एकच रात्र थांबलो असतो तर."

"बुडाल्या असत्या. पाणी बघ किती चढलंय."

"हो," तो म्हणाला. "बुडाल्याच असत्या." पण त्याला ते पटलं नव्हतं.

दुसरी बाहेर आली तेव्हा सव्वादहा वाजले होते. पंप गाडीवर चढवून मी सातव्यावर पोचले तेव्हा पावणेअकरा. पंपाने वीस मिनिटांत सगळं पाणी ओढून ओढ्यात टाकलं. खाली गवत हिरवंच दिसत होतं. मला वाटलं, वाचलं. मी खाली बसून हात फिरवला, आणि उकडून ठेवलेल्या पालकासारखं ते बोटांना चिकटून आलं. वासही शिजवलेल्या भाजीचाच होता.

पहिला फटका मारायलाच हवा होता, ह्यावर मी आजही ठाम आहे. पण दुसरा? तो मी केवळ माझ्या सुखासाठी मारला होता. त्या एका फटक्याने सातवं ग्रीन मेलं.

तीन वाजता व्हर्लिन आला. डॉक्टरांना न सांगता निघाला होता, मनगटावर इस्पितळाची पट्टी तशीच. खिशातल्या चाकूने त्याने गवताचा एक तुकडा कापला, उलटा करून मुळं पाहिली, हुंगला आणि परत जागेवर दाबून बसवला. मी त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या फटक्याचंही सांगितलं.

"किती गाई राहिल्या त्याच्याकडे?" त्याने विचारलं.

"अकरा."

"पाणी पितायत?"

"पितायत."

"मग बरं," तो म्हणाला, आणि रडायला लागला. जबडा बांधलेला, त्यामुळे बिचाऱ्याला धड रडताही येत नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसून राहिले. माझ्या अंगाला मेलेल्या जनावराचा वास येत होता.

हॅगर्टी चार दिवसांनी, कोर्स विचिटावाल्यांना दिल्याचं पत्र घेऊन आले. "दुष्काळात जगवलंत आणि पावसात घालवलंत? हे कसं काय, व्हर्लिन?"

"तसंच झालं खरं," व्हर्लिन म्हणाला. माझं नाव घेतलं नाही, रॉइसचंही नाही. मी तोंड उघडणार तोच त्याने माझ्या पायावर पाय दिला, तोही चांगला जोरात.

एकतीस ऑगस्टला सतरा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा सरावाच्या ग्रीनवर गुडघे टेकून, भोक पाडायच्या पोलादी नळकांड्याने वाटीएवढ्या गवताच्या चकत्या काढतोय. त्या सातव्यावर नेऊन, मेलेल्या गवतात वीतभर अंतराने बसवायला लागला. बरगड्यांना पट्टे बांधलेले, प्रत्येक चकतीला कण्हत होता.

"विचिटावाले येणारच आहेत ना? करू देत की त्यांना!" मी चिडून म्हणाले.

"ते सप्टेंबरात यंत्रं मोजत बसतील. आत्ता लावलं तर थंडीच्या आत मूळ धरेल. बादली आण."

मी बादली आणली. सतरा दिवस तो काढत होता, मी लावत होते.

एकतीस तारखेला शेवटची चकती बसली. दुपारचे दोन, उन्हाचा तोच कहर. गवत निळसर पडायला लागलं तशी व्हर्लिनने नळी उचलली आणि तुषार मारायला सुरुवात केली. रस्त्यावरून एक लाल गाडी चालली होती. ती हळू झाली, आणि थांबली.

रॉइस उतरला. हात अजून झोळीत होता. तो उतारावरून सरळ आमच्याकडे येत होता आणि माझ्या हाताने, मला न विचारता, भोकातून काठी उपसली होती. व्हर्लिन हलला नाही. नळी त्याने तशीच धरली होती.

रॉइस ग्रीनच्या कडेला थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं. मग खाली बसला आणि एका हाताने बुटाची नाडी सोडायला लागला. एका हाताने ते जमेना, वेळ लागत होता. आम्ही दोघंही उभे राहिलो. दोन्ही बूट त्याने बाहेर, नीट जोडून ठेवले आणि मोज्यांनिशी ग्रीनवर आला.

"किती वेळ मारायचं हे?" त्याने विचारलं.

"दोन मिनिटं," व्हर्लिन म्हणाला. "जास्त नाही." आणि नळी त्याच्या हातात दिली.

मी काठी परत भोकात ठेवली.