सरदार ‘हुं’ म्हणतात

रविवारी सकाळी अकरा वाजता बयाबाईच्या स्वयंपाकघरात पन्नास माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि सगळी भिंतीकडं बघत होती. कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात पोरीची पत्रिका. एकानं तर बंद पडलेला मिक्सर आणलेला.

“सरदार, हिचं लगीन औंदा व्हनार का?” धैर्यशील महाराजांनी विचारलं आणि घंटा हाणली. टण्ण!

भिंतीच्या पोटातनं आवाज आला. हुंऽऽऽ... गुड् गुड्.

“व्हनार! शेवटी हसले बी, ऐकलं न्हवं?”

बायांनी पदर डोळ्याला लावले.

मी आकाराम, ह्या बिल्डिंगचा सेक्रेटरी. कोल्हापुरातला हा सरदारांचा वाडा. बिल्डरनं आत बारा फ्लॅट पाडले. म्होरची दगडी कमान आणि जाड भिंती तेवढ्या ठेवल्या. पाच वर्षं लिफ्ट, पाणी आणि पार्किंगची भांडणं मिटवून मी दमलोय. त्यात दोनशे वर्षांमागं मेलेले सरदार सोसायटीच्या कारभारात बोलायला लागले.

महाराज मुरगूडचे. आधी घरोघरी वॉटर फिल्टर विकायचे. सरदारांचं बोलणं ते आम्हाला समजावून सांगत. मान्य असलं की ‘हुं’, नसलं की गप्प. एकदा बोलले की पाच मिनिटं विश्रांती. “आत्म्याला दम लागतो,” महाराज म्हणायचे. तेवढ्यात आरती.

हे सगळं मी खपवून घेतलं असतं. पण गेल्या रविवारी महाराजांनी विचारलं, “सरदार, ही तुमच्या घोड्यांची पवित्र जागा. बयाबाईनं मोकळी करून द्यावी का?” टण्ण. हुंऽऽऽ.

बयाबाईच्या सासऱ्यांनी इथल्या पागेत घोडी सांभाळलेली; ते भाड्यानं राहायचेही इथंच. त्या जुन्या भाडेकरूपणाच्या हक्कानं तिला तळमजल्यावर ही दीड खोली मिळाली. वरच्या मजल्यावरच्या ऋतुराजचा ह्या खोलीवर वर्षभर डोळा होता. आधी हॉटेल काढायला, आता म्हणे मंदिर बांधायला. शेजारीपाजारीही तिच्यावर उलटले. लिफ्ट अडकली तरी बयाबाईमुळं. सरदारांच्या भिंतीला बसून बोंबील भाजते ना!

आज बयाबाई खोली सोडायच्या कागदावर सही करणार होती. साक्षीदार मी.

“आकारामभाऊ, मी जाऊ कुठं वो?” तिनं हळूच विचारलं. मी पेनाचं टोपण काढलं. पेन तिच्या हातात दिलं.

महाराजांनी घंटा उचलली. वाजवायच्या आधीच भिंत बोलली. हुंऽऽऽ.

महाराज दचकले. “सरदार आज... जरा उतावीळ हायत.”

हुंऽऽऽ. परत! विश्रांती नाही, काही नाही.

बयाबाईनं पेन खाली ठेवलं. “म्हाराज, आज त्यास्नी लई बोलायचं दिसतंय. मीच इचारू का?”

“तुमाला अधिकार न्हाय!”

हुंऽऽऽ.

“हाय म्हनत्यात की!”

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

“सरदार, मी हितंच ऱ्हाऊ का?”

हुंऽऽऽ.

“आन् ह्यो म्हाराज थापा मारतोय व्हय?”

भिंत गप्प. महाराजांनी घाम पुसला. आणि मग आला तो आतापर्यंतचा सगळ्यात लांब हुंकार. हुंऽऽऽऽऽ गुड् गुड् गुड् गुड्!

एवढ्यात गर्दी सारत दिलदार आत आला. आमचा प्लंबर. सकाळपासनं पाण्याची टाकी रिकामी का होतीय ते बघायला मीच त्याला बोलावलेलं.

“घावलं, आकारामभाऊ! ऋतुराजच्यात राधानगरीचं नऊ पावणं आल्यात. काल तांबडा रस्सा जरा जास्तच वरपलाय. संडासाम्होरं लाईन लागलीया. फ्लशची टाकी भराय पाच मिन्टं लागत्यात, तेवढा दम कुनाला? बादल्या वतायल्यात!”

“पाच मिनिटं?” मी महाराजांकडं बघितलं. महाराज दाराकडं बघत होते.

दिलदारनं भिंतीवर पाना ठोकला. पोकळ वाजली. “जुन्या काळी छपराचं पानी ह्या पोकळीतनं घोड्यांच्या हौदात उतरायचं. ऋतुराजनं दोन म्हैन्यामागं वर नवा संडास काढला आन् पाईप सोडलाय हितनं. भिंतीला धरून ठेवायला एक क्लॅम्प न्हाय. वरनं पानी पडलं की पाईप हलतोय आन् अख्खी भिंत घुमतीया.”

“आणि घंटा?”

“वर खिडकीत आयकू जाती की. थांबा, म्या वर जातो. तुमी वाजवा.”

मी तीन वेळा घंटा वाजवली. दिलदारनं तीन बादल्या ओतल्या. सरदार तीन वेळा ‘हुं’ म्हणाले. मग वरनं पाहुण्यांतले ऋतुराजचे सासरे कळवळून ओरडले, “ओ प्लंबर, तेवढं भाईर या की आता!”

ऋतुराज मान खाली घालून जिना उतरला. “मी नुसतं घंटा वाजली की फ्लशचं बटण दाबायचो,” म्हणाला. महाराज घंटा टाकून केव्हाच पसार झाले होते. बयाबाईनं तो कागद चुलीत सरकवला आणि बोंबलांचा डबा काढला.

गर्दी पांगली. मिक्सरवाला तेवढा थांबला. “पन भाऊ, हुंकार तर आलाच न्हवं?”

मी थकलोय, म्हणून थोडक्यात सांगतो. देवाला हात जोडायला माझी ना नाही. पण एका बाईचं घर काढून घ्या असं एखादी भिंत सांगायला लागली, तर पाया पडायच्या आधी जिना चढा आणि वर कोण राहतं ते बघून या.