त्या गुरुवारी कर्टिस कुठे होता

व्हर्ना हालुस्काबाईंचा ब्लॉग रोज साधारण चारशे माणसं वाचायची. चारशे म्हणजे काहीच नाही, असं कोणालाही वाटेल. पण ओहायोच्या त्या कोपऱ्यात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीला मुळात थोडीच माणसं मतदानाला जातात, आणि जी जातात ती हीच चारशे आणि त्यांचे शेजारीपाजारी. उमेदवारांना हे नीट ठाऊक होतं. त्यामुळे २००६ च्या त्या वसंतात बाईंच्या स्वयंपाकघरातला फोन सारखा वाजायचा. कोणी उमेदवाराचे नवे फोटो पाठवू का विचारायचं, कोणी ब्लॉगवाल्यांसाठी ठेवलेल्या खास फोन-बैठकीचं आमंत्रण द्यायचं, तर कोणी म्हणायचं, आमचे साहेब तुमच्याकडे कॉफीला येतील, फक्त वार सांगा.

बाई वार सांगत नसत. छत्तीस वर्षं हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि ब्लॉगचं नावही त्यांनी वर्गातलंच ठेवलं होतं, ‘हात वर करा’. त्यांचा नियम साधा होता. उमेदवाराशी खासगीत बोलायचं नाही. प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचा, उत्तर सगळ्यांसमोर घ्यायचं, आणि माहिती कोणी पुरवली तेही लिहायचं. मुलांना त्या सांगायच्या, तुमच्या हातात कोणी कागद दिला तर तो वाचण्याआधी देणाऱ्याचं तोंड बघा.

यंदा मात्र हा नियम पाळणं जड जात होतं, कारण प्रतिनिधिगृहाच्या त्या भागातल्या जागेसाठी कर्टिस ओब्राडोविच उभा होता. तो त्यांचा विद्यार्थी. पोलाद कारखाना बंद पडला त्या वर्षी तो त्यांच्या वर्गात होता. वडिलांची नोकरी गेलेली, अंगात थोरल्या भावाचा कोट, आणि तरीही ज्यूरीचा निकाल चुकू शकतो की नाही यावर बाईंशी तास संपल्यावरही वाद घालत दारात उभा. आता तो अडतीस वर्षांचा होता आणि सात वर्षं नगरपरिषदेत होता. त्याच्यासमोर राज्याच्या सिनेटर ग्वेन लॅथ्रॉप होत्या. त्यांच्याकडे चार कार्यालयं होती, कर्टिसकडे बायकोची मोटार.

लोक बाईंना हसून म्हणायचे, तुमचाच पोरगा उभा आहे, आता ब्लॉगवर त्याचीच आरती होणार. म्हणून बाई त्याच्या बाबतीत जरा जास्तच कडक राहिल्या. त्याने अर्ज भरला तेव्हा अभिनंदनाचा फोनसुद्धा त्यांनी केला नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला मेलिंडाचा फोन आला. लॅथ्रॉपबाईंच्या प्रचारात ब्लॉग लिहिणाऱ्यांना सांभाळणं हेच तिचं काम होतं, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण फार मोठे वाटावं. तिने नगरपरिषदेच्या इतिवृत्ताचं एक पान पाठवलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी पूर्व भागातलं अग्निशमन केंद्र बंद करण्याचा ठराव चार विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला होता. सातवा सदस्य, कर्टिस ओब्राडोविच, गैरहजर. आणि कर्टिसच्या प्रचारपत्रकात तर छापलं होतं की त्याने त्या ठरावाच्या विरोधात मत दिलं.

“वर्तमानपत्रांना आम्ही हे अजून दाखवलेलं नाही, मॅडम,” मेलिंडा म्हणाली. “म्हटलं, आधी तुम्ही बघा. तुम्ही कोणाची बाजू घेत नाही, असं सगळेच सांगतात.”

आपल्याला लोणी लावलं जातंय हे न कळायला बाई काही नवख्या नव्हत्या. पण त्या स्वतः नगरपरिषदेत जाऊन बघून आल्या. पान खरं होतं. त्यानंतर दोन दिवस त्यांनी काही लिहिलं नाही. दोनदा फोन उचलला, कर्टिसचा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. दुसऱ्या कोणाबद्दल असं पान आलं असतं तर मी त्याला आधी फोन केला असता का, असं त्यांनी स्वतःला विचारलं. नसता केला. मग यालाही नाही.

त्यांनी लिहिलं ते अगदी तोलून लिहिलं. कर्टिस हजर असता तरी मतं चारास तीन झाली असती आणि केंद्र बंदच झालं असतं, हे लिहिलं. त्या केंद्रासाठी तो आधी पाच महिने भांडत होता, हे लिहिलं. पान लॅथ्रॉप यांच्या प्रचाराकडून आलं, हेही लिहिलं. आणि शेवटी विचारलं, कर्टिस, त्या गुरुवारी तू कुठे होतास? वर्गात सगळ्यात अवघड प्रश्न त्या ज्याला उत्तर येतं त्यालाच विचारत, म्हणजे त्याला उठून बोलायची संधी मिळे. इथेही त्यांच्या मनात तेच होतं.

उत्तर त्याच संध्याकाळी, लेखाखाली, त्याच्या स्वतःच्या नावाने आलं. ‘मी हजर नव्हतो. पत्रकात चुकीचं छापलं गेलं आणि ती चूक माझी आहे. का नव्हतो, ते मी सांगणार नाही.’

बाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग वाचकांनी सुरुवात केली. कोणी म्हणालं गोल्फ खेळत असेल, कोणी म्हणालं फ्लोरिडाला, कोणी त्याहून घाणेरडं काही. घाणेरडं बाई पुसत राहिल्या. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपासाचं, मांसाऐवजी माशांचं जेवण होतं, तिथे यूजीन बाटको नेहमीप्रमाणे कढईपाशी उभा होता. कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस बाईंचा शेजारी आणि ब्लॉगचा पहिला वाचक.

“काय संपादकबाई,” तो झारा हलवत म्हणाला, “पोराला बाकावर उभं केलंत की!”

बाई हसल्या. पण ताटातले पिरोगी, सारण भरलेले उकडलेले कानवले, तसेच राहिले.

शनिवारी टपालाने लॅथ्रॉप यांच्या प्रचाराचं पत्रक आलं. पक्षाच्या प्रत्येक नोंदलेल्या मतदाराच्या घरी ते गेलं होतं. त्यावर एका रिकाम्या खुर्चीचा फोटो आणि मोठ्या अक्षरांत ‘त्या गुरुवारी कर्टिस कुठे होता?’ खाली लिहिलं होतं, ‘हा प्रश्न आमचा नाही. त्याला शिकवणाऱ्या व्हर्ना हालुस्का यांचा आहे.’ चारास तीनचं गणित त्यात नव्हतं. पाच महिन्यांचं भांडण नव्हतं. पान कोणी पुरवलं, ते तर नव्हतंच.

बाईंनी मेलिंडाला फोन लावला. मेलिंडाने शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच गोड आवाजात सांगितलं की छापलेले शब्द बाईंचेच आहेत, एकही बदललेला नाही. ते खरंच होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर कर्टिस घरी आला. वीस वर्षांत तो बाईंच्या घरी कधी आला नव्हता. बस म्हटल्याशिवाय तो बसला नाही. बाईंनी अक्रोडाचा गोड रोल कापून समोर ठेवला, त्याला त्याने हात लावला नाही.

“मी तो लेख काढून टाकते,” बाई म्हणाल्या.

“नको, बाई. काढलात तर म्हणतील, मी काढायला लावला.”

थोडा वेळ तो टेबलावरच्या कापडाची घडी नीट करत राहिला. मग खाली बघूनच त्याने सांगितलं. त्या गुरुवारी तो आणि त्याची बायको डॅना इस्पितळात होते. डॅनाला साडेपाच महिने झाले होते. मुलगा होता, वाचला नाही.

“सभा सातला होती,” कर्टिस म्हणाला. “त्याला आमच्या हातात दिलं तेव्हा सव्वासात झाले असतील. समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्या घड्याळाकडे बघून माझ्या मनात आलं, आता मतदान चालू असेल. अशा वेळी असलं कसं काय मनात येतं, बाई?”

बाईंनी आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेतली.

त्या दोघांनी हे डॅनाच्या आईशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. डॅना दुसऱ्या आठवड्यात दुकानात कामावर गेली होती आणि ताप होता म्हणाली होती. पत्रक आल्यावर मात्र तिनेच कर्टिसला म्हटलं, सांगून टाक, लोक समजून घेतील, जिंकशील.

“म्हणून मी आलो,” तो म्हणाला. “ती तुम्हाला फोन करेल, लिहा म्हणेल. तुम्ही लिहू नका. त्याच्या नावावर मतं मागू का मी?”

बाईंनी वचन दिलं. दारापर्यंत गेल्यावर तो वळून म्हणाला की प्रश्न बरोबर होता, त्याच्या पत्रकात खोटं छापलं होतं हे काही खोटं नाही. ते ऐकून बाईंना जास्तच वाईट वाटलं.

सोमवारी त्यांनी दोन ओळी लिहिल्या. मला उत्तर कळलं आहे, माझं समाधान झालं आहे, याहून जास्त मी लिहिणार नाही. पुरावा न दाखवता माझ्यावर विश्वास ठेवा, असं त्या वाचकांना पहिल्यांदाच सांगत होत्या. पहिलं उत्तर दहा मिनिटांत आलं. ‘सगळ्यांनी हात वर करा, बाईंचा लाडका सोडून.’ मग दुसरं, ‘आमच्यासमोर विचारलंत, तर उत्तरही आमच्यासमोर द्या.’ त्यांचाच नियम ते त्यांना शिकवत होते, आणि त्यात चूक काढता येत नव्हती.

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये मतदान झालं. चर्चच्या दाराबाहेर शंभर फुटांवर दोन छोटे झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या पलीकडेच उमेदवाराने थांबायचं. कर्टिस गार वाऱ्यात तिथे उभा होता. त्याने बाईंशी हात मिळवला, सगळ्यांशी मिळवत होता तसाच. बाई आत गेल्या, मत देऊन आल्या.

बुधवारी सकाळी रेडिओने सांगितलं, कर्टिस तीनशे बारा मतांनी हरला. पूर्व भागात, जिथलं अग्निशमन केंद्र वाचवायला तो भांडला होता, तिथेच तो सगळ्यात मागे पडला होता.

दुपारी मेलिंडाची मेल आली. विजयानंतरची पहिली सविस्तर मुलाखत सिनेटरबाईंना ‘हात वर करा’लाच द्यायची आहे, असं तिने लिहिलं होतं. बाईंनी संगणक बंद केला.

दोन दिवसांनी त्या बाजारातून परतत होत्या. मिल रोडच्या कडेला डॅना ओब्राडोविच प्रचाराच्या पाट्या उपटत होती. गाडीची डिकी उघडी, आत निळ्या पाट्यांचा ढीग. बाईंनी गाडी थांबवली, उतरल्या आणि पुढच्या पाटीला हात घातला. बराच वेळ दोघी रस्त्याच्या कडेने तशाच पुढे सरकत राहिल्या.

“मी तुम्हाला फोन करणार होते, लिहा म्हणून,” डॅना अखेर म्हणाली. “त्याने करू दिला नाही.”

“बोलला तो मला.”

“पण तुम्ही त्याला का नाही केलात हो? लिहिण्याआधी. एक फोन. त्याने तुम्हाला तेव्हाच सांगितलं असतं.”

“माझा नियम होता,” बाई म्हणाल्या. मोठ्याने उच्चारल्यावर ते वाक्य त्यांना फार लहान वाटलं. “फोन हातात घेतला होता मी. दोनदा.”

डॅनाने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि माफीही नव्हती. पाटीच्या तारेला लागलेला चिखल ती बुटाने काढत राहिली.

बाईंनी हातमोजे काढले. आजवर त्यांनी जे विचारलं ते सगळ्यांसमोर विचारलं होतं. हा प्रश्न त्यांनी अगदी हळू विचारला.

“बाळाचं नाव ठेवलं होतंत का गं?”

डॅना थांबली. “दोन वर्षांत हे कोणी विचारलं नाही,” ती म्हणाली. “आईनेसुद्धा नाही.” आणि तिने नाव सांगितलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी बाई प्रत्येक नवं नाव एकदा स्वतः म्हणून बघत, चुकू नये म्हणून. तसं त्यांनी ते म्हणून पाहिलं. डॅनाने तोंड शेतांकडे फिरवलं. बाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. मग डॅना म्हणाली की पुलापर्यंत अजून अकरा पाट्या आहेत, आणि दोघी पुढे निघाल्या.