उम्म सर्किसचा नंबर

"शनिवारी नका येऊ. रविवारी तर मुळीच नको." मिल्हिमने एका हाताने फोन कानाशी दाबला होता आणि दुसऱ्या हाताने मागून येणारी लिफ्टची खुर्ची धरली होती. "मंगळवार-बुधवार बघा. तिकीट स्वस्त पडतं, रांगही नसते."

"हा नंबर उम्म सर्किसचाच ना?" पलीकडचा तरुण विचारत होता. "मित्राने दिलाय. म्हणाला, बर्फावर जायचं आणि खिसा कापून घ्यायचा नसेल तर आधी या बाईंना फोन कर."

"तिचाच आहे."

"त्या नाहीयेत का?"

"तुम्ही विचारा ना, काय हवंय ते."

तरुणाने विचारलं आणि मिल्हिमने सांगितलं. स्की आणि बूट वर लिफ्टपाशी घेऊ नका, गावात बेकरीशेजारी निम्म्या भाड्यात मिळतात. पूर्ण दिवसाचं तिकीट काढू नका, साडेबारानंतर अर्ध्या दिवसाचं मिळतं, आणि नवशिक्याचे पाय तीन तासांत असेही गळतात. वळणावर दोघं-तिघं गाडी अडवून सांगतील की चाकांना साखळ्या लावल्याशिवाय वर जाता येणार नाही. पोलीस सांगेपर्यंत लावू नका. रोटी आणि लबन्याचं घट्ट दही घरूनच आणा, वरच्या हॉटेलात चहासुद्धा सोन्याच्या भावाने मिळतो. हे सांगता सांगता त्याने दोन मुलींना खुर्चीत बसवलं, वरचा दांडा खाली ओढला आणि खुर्ची सोडून दिली.

ऐन दर्दार गावच्या या लिफ्टच्या पायथ्याशी मिल्हिमची अडतीस वर्षं गेली होती. तारेवरून खुर्च्या फिरत येतात, त्या माणसांच्या गुडघ्यांवर मागून आदळू नयेत म्हणून धरायच्या. माणसं बसली की सोडायच्या. काम एवढंच. उन्हाळ्यात खांब रंगवायचे आणि डोंगर बघायला आलेल्यांना त्याच खुर्च्यांतून वर पाठवायचं. कंपनीने सहा वर्षांपूर्वी 'चारही ऋतूंचं विहारस्थान' अशी मोठी पाटी लावली, तेव्हा त्याची बायको अफीफे कमरेवर हात ठेवून ती पाटी वाचत उभी राहिली होती. "चार ऋतू म्हणजे लुटायला चार हंगाम," ती म्हणाली आणि घरी जाऊन मागच्या दोन खोल्या झाडायला लागली.

त्या दोन खोल्या ती भाड्याने द्यायची. पण तिचा खरा धंदा, जर त्याला धंदा म्हणायचं तर, वेगळाच होता. लोक स्वतःच्या पैशासाठी भांडतात, ही बाई परक्यांच्या पैशासाठी भांडायची. खाली किनाऱ्यावरच्या त्रिपोली शहरातल्या कुणा मास्तराला कुणी बुटांचं दुप्पट भाडं लावलं की ती पायात सपाता तशाच ठेवून त्या दुकानापर्यंत जायची आणि अर्धे पैसे परत घेऊनच यायची. ज्या मास्तरासाठी हे चाललेलं असायचं, तो लाजून गाडीत बसलेला असायचा. तिचा नंबर समुद्राकाठच्या सगळ्या शहरांत हातोहात फिरला होता. मोठा मुलगा सर्किस, म्हणून ती उम्म सर्किस, सर्किसची आई, आणि मिल्हिम अबू सर्किस, सर्किसचा बाप. सर्किस स्वतः कॅनडात होता आणि त्याच्या नावाने इथे दोन माणसं हाक ऐकत होती.

दहा जानेवारीला भांडी घासता घासता अफीफे स्वयंपाकघरात खाली बसली. मिल्हिमला वाटलं, चमचा पडला असेल.

अर्ध्या तासात देवळाची घंटा वाजली. तीन तासांत काळ्या चौकटीतले कागद भिंतींवर लागले: बेकरीवर, औषधांच्या दुकानावर, विजेच्या खांबांवर. या डोंगरात कुणी गेलं की घंटा सांगते, भिंत सांगते, माणसाला सांगावं लागत नाही. कॅनडात सर्किसला पाद्रीबाबांनी कळवलं. दुखवट्याला आलेल्या प्रत्येकाने ठरलेलं वाक्य म्हटलं, मिल्हिमने ठरलेलं उत्तर दिलं, कडू कॉफीचे पेले फिरले, माणसं उठून गेली. चाळीस दिवस गेले, चाळिसाव्याची प्रार्थना झाली, कागद भिंतींवरून उतरले. तोवर 'माझी बायको वारली' हे एक वाक्य मिल्हिमला एकदाही तोंडाने बोलावं लागलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

फोनला मात्र माहीत नव्हतं. तो स्वयंपाकघराच्या खणात वाजत राहायचा. पाचव्या दिवशी मिल्हिमने तो उचलला. कुणी बाई विचारत होती, मुलांना नुसतं बर्फात खेळायचंय, तर तिकीट लागतं का. "जुन्या गिरणीमागे शेत आहे, तिथे जा. घरचं ताट न्या घसरायला. कुणी पैसे मागितले तर देऊ नका," असं त्याने सांगितलं आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की शब्द सगळे अफीफेचे होते. मग तो फोन खिशात घेऊनच कामावर यायला लागला. त्याला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. दाढ काढताना भूल देतात आणि मग स्वतःचाच गाल कुणा दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याचं झालं होतं. तो जेवत होता, झोपत होता, खुर्च्या धरत होता.

तिकीट खिडकीवरचा तन्नूस अकराच्या सुमाराला दोन कॉफ्या घेऊन आला. दोघं एकाच वर्षी कामाला लागले होते.

"दाढी केलीस, बरं झालं," तन्नूस म्हणाला. "चाळीस दिवस तुझा अवतार मठातून हाकललेल्या साधूसारखा होता. लहान मुलं रडायची लिफ्टपाशी."

"हं."

"साखर घातलीये. चाळीस झाले आता."

मिल्हिमने घोट घेतला. गोड आहे की नाही हे त्याला कळलं नाही.

खिशात फोन वाजला. तन्नूसने खिशाकडे बघितलं. "बंद कर रे ते भूत. नाहीतर उचल आणि सांगून मोकळा हो."

"काय सांगू?"

"काय म्हणजे?" तन्नूसने बुटाने बर्फ उकरला. "म्हणजे... जे आहे ते."

"काय आहे ते?"

तन्नूसला भररस्त्यात ग्राहकांशी भांडताना अख्ख्या गावाने ऐकलं होतं. बोलण्यात त्याला कुणी हरवलं नव्हतं. तो कॉफी संपवून खिडकीकडे निघून गेला.

फोन पुन्हा वाजला, रबाबचा होता. मिल्हिमने उचलला. "पोचलो आम्ही, अबू सर्किस! बूट घेतोय. साडेबाराला तिकिटाला उभ्या राहतो, अगदी शिकवल्याप्रमाणे!" आणि लगेच ठेवून दिला.

रबाब दक्षिणेकडच्या सैदा शहरातली, शाळेत शिकवायची. दहा-अकरा वर्षं दर फेब्रुवारीत मुलीला घेऊन मागच्या खोलीत दोन रात्री राहायची. मुलगी जना, चार वर्षांची असताना अफीफेच्या केरसुणीला धरून अंगणात घसरायला शिकली होती. तीन दिवसांपूर्वी रबाबने फोन करून येतोय म्हणून कळवलं होतं, आणि ठेवता ठेवता म्हणाली होती, "उम्म सर्किसला माझा सलाम सांगा."

"सांगतो," मिल्हिम म्हणाला होता. चूक झाली ती तिथेच. दुसरं काय म्हणायचं ते त्याला सुचलं नव्हतं, आणि समोरच्याला सगळं ठाऊक असतं अशी चाळीस दिवसांत सवय लागली होती. फोन ठेवल्यावर कळलं, सैद्याच्या भिंतींवर ऐन दर्दारचे कागद लागत नाहीत.

साडेबाराला त्या दोघी बुटांचे खाडखाड आवाज करत आल्या. जना आता आईच्या खांद्याला लागत होती.

"अबू सर्किस! वाळलात की हो." रबाबने दोन्ही हातांनी त्याचा हातमोजा धरला. "बेकरीशेजारच्या बूटवाल्याला काय झालंय? बुटांचे पैसेच घेईना. तोंड असं करून उभा, मला वाटलं दाढ दुखतेय त्याची. उम्म सर्किस कुठंय? माझा फोन स्वतः का उचलत नाही?"

"बसा," मिल्हिम म्हणाला. खुर्ची येत होती. "ऊन आहे तोवर उतार चांगला आहे."

"रुसलीये का माझ्यावर? गेल्या वर्षी आले नाही म्हणून? आमच्याकडे लढाई चालली होती ते तिला माहितीये. तिनेच फोन केला होता, ये, भाडं नको, खोली गरम करून ठेवते म्हणून. अहो, पण घर सोडून..."

खुर्ची आली. मिल्हिमने धरली, दोघींना बसवलं, दांडा ओढला, सोडली. रबाब मान वळवून काहीतरी बोलत वर गेली.

लिफ्टखाली काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट टाळता येत नाही. ज्याला वर पाठवलं, तो वीस मिनिटांत घसरत पुन्हा त्याच्याच पुढ्यात येतो.

"घरी आहे का ती?" पहिल्या फेरीनंतर रबाबने विचारलं. गाल लाल झाले होते.

"नाही."

"मग सर्किसकडे गेली का? कॅनडाला?"

"नाही. सांभाळून, खुर्ची."

दुसऱ्या फेरीला ती एकटीच आधी खाली आली. जना मागे होती. रबाबने जॅकेटच्या आतून एक छोटी बाटली काढली, मळसूत्री झाकणावर फडकं बांधलेली. "नारिंगीच्या फुलांचं पाणी. घरी काढलंय. तुमच्याकडे नाही हं देणार, तिच्याच हातात देणार. आणि तिने ओरडायचं तेवढं ओरडू दे मला. घाबरत नाही मी तिला." ती हसली, पण मिल्हिमच्या तोंडाकडे बघत होती. "अबू सर्किस, ती बोलणार नाही का माझ्याशी? खरं सांगा. वर्षभर मला हेच खातंय. तिने एवढं बोलावलं आणि मी साधा उलटा फोनही केला नाही."

मागे आठ-दहा माणसं उभी होती. खुर्ची आली. मिल्हिमने ती धरली नाही. त्याने बाजूच्या खांबावरचं लाल बटण दाबलं.

तार थांबली. वर उतारभर खुर्च्या झुलत राहिल्या. अडतीस वर्षांत ते बटण त्याने कुणी पडलं तर दाबलं होतं, वादळात दाबलं होतं. असं कधीच दाबलं नव्हतं. वरून कुणीतरी ओरडलं. तिकीट खिडकीतून तन्नूसचं डोकं बाहेर आलं आणि तसंच राहिलं.

"अफीफे वारली," मिल्हिम म्हणाला. "माझी बायको. दहा जानेवारीला."

आवाज त्याचाच होता. स्वच्छ होता. वाक्य एवढं लहान असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

रबाबच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, तिथेच थोडा वेळ राहिलं, जसं काही त्याला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. मग ती बर्फात खाली बसली, स्की आडव्यातिडव्या झाल्या. "तुम्ही म्हणालात सांगतो म्हणून," ती म्हणाली. "सलाम सांगतो म्हणालात."

"हो."

"मी तीन दिवस बाटली गुंडाळत बसले होते."

"हो."

तो तिच्या पायांशी वाकला आणि स्कीची पकड मोकळी करायला लागला. हे काम त्याने हजारो वेळा केलं होतं. बोटं आपोआप चालत होती. "रुसली नव्हती ती," त्याने खाली बघतच सांगितलं. "कुणी आलं नाही की ती म्हणायची, रस्ता बंद असेल. तुझ्याबद्दलही तेच म्हणाली."

रबाब रडायला लागली, मोठ्याने, मोकळेपणी, शाळेतल्या बाईंना शोभणार नाही असं. रांगेतल्या माणसांनी माना खाली घातल्या. वरून आता कुणी ओरडत नव्हतं. मिल्हिमला तिचा हेवा वाटला. चाळीस दिवसांत त्याला वाटलेली ती पहिली गोष्ट होती.

जना खाली पोचली आणि आईकडे बघून थबकली. रबाबने डोळे पुसले. "मला नेऊन द्यायचीये ही," ती बाटली धरून म्हणाली. "कुठे ठेवलंय तिला?"

मिल्हिम सरळ उभा राहिला. "मोठ्या रस्त्याने नको जाऊ, लांब पडतं आणि गाडी लावायला जागा नाही. बेकरीमागून पायऱ्या आहेत, त्या धर. हे बूट आधी परत कर, भाड्याच्या बुटांनी तिथं चढवत नाही. वर छोटं देऊळ आहे, त्याच्या डाव्या अंगाला आमच्या घराण्याची दफनाची दगडी खोली आहे. हिरवं लोखंडी दार. आत्ता नको, पायऱ्यांवर सावली असते, बर्फ कडक असतो. तीनच्या सुमाराला दारावर ऊन येतं. वीस मिनिटंच असतं, पण तेवढ्यात पायरीवरचा बर्फ सुटतो. तेव्हा जा. कुणी नसतं."

"तुम्ही रोज जाता?"

"नाही. ठेवून आलो तेवढंच. मग नाही गेलो."

रबाबने नाक पुसलं आणि त्याच्याकडे बघितलं. "मग उन्हाचं कसं माहीत?"

मिल्हिमने दरीपलीकडच्या टेकडीकडे हात केला. देवळाशेजारी नखाएवढं काहीतरी हिरवं दिसत होतं.

"इथून दिसतं," तो म्हणाला आणि लिफ्ट सुरू केली.